नारळ, मोहरी आणि भाकरी : मुलांना विश्व दाखवताना

"मावशी, आपण आकाशगंगेत राहतो ना? मग ती वर कशी दिसते?"

माझ्या आठ वर्षांच्या भाचीने हे विचारलं तेव्हा आम्ही गावच्या घरी अंगणात सतरंजी टाकून पडलो होतो. मे महिना, मध्यरात्र उलटलेली, चंद्र नव्हता. दक्षिणेला वृश्चिकाची नांगी पूर्ण वर आली होती आणि तिच्या बाजूने एक धुरकट पट्टा आकाशभर चढत गेला होता. तो पट्टा म्हणजे आकाशगंगा, एवढं मी सांगितलं आणि हा प्रश्न आला.

प्रश्न अगदी बरोबर होता. आपण घरात बसलो असू तर घर समोरच्या डोंगरावर दिसत नाही. मग आपण जिच्यात आहोत ती आकाशगंगा लांब, वर, वेगळी का दिसावी? मला लगेच उत्तर देता आलं नाही, आणि त्या रात्री माझ्या लक्षात आलं की हिला सगळी नावं येतात, पण त्या नावांच्या मागची मापं कुणी दिलेलीच नाहीत. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ ती एका दमात म्हणते. सूर्य हा तारा आहे हेही तिला ठाऊक आहे. पण तिच्या मनातलं चित्र आलंय ते भिंतीवरच्या तक्त्यातून. त्यात ग्रह लगोरीच्या चेंडूंसारखे शेजारी शेजारी असतात, मधल्या जागेत चांदण्या शिंपडलेल्या असतात आणि कोपऱ्यात शनीच्याच आकाराची एक भोवऱ्यासारखी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, असते. तो तक्ता पाहून वाढलेल्या कुणाच्याही डोक्यात ग्रह, तारे आणि दीर्घिका यांची खिचडीच होणार. माझ्याही डोक्यात ती बरीच वर्षं होती.

म्हणून आम्ही पुढच्या सुट्टीत सगळं पहिल्यापासून मांडलं. स्वयंपाकघरातल्या वस्तू घेऊन.

त्याआधी थोडं शब्दांबद्दल, कारण आपली भाषाच इथे मुलांना चकवते. आपण शुक्राला शुक्रतारा म्हणतो, शुक्राची चांदणी म्हणतो. शुक्र तारा नाही, ग्रह आहे. तारा तुटला की डोळे मिटून काहीतरी मागतो, पण तुटतो तो तारा नसतोच. तो वाळूच्या कणाएवढा, फार तर खड्याएवढा दगड असतो, प्रचंड वेगाने पृथ्वीच्या हवेत शिरून पेटलेला. क्वचित असा दगड फार मोठा असतो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर अशाच एका आघाताने बेसॉल्टच्या खडकात पडलेल्या पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्ड्यात साठलेलं आहे. पण तारा मात्र कधीच आपल्या अंगणात पडत नाही. हे शब्द टाकून द्यावेत असं मला मुळीच वाटत नाही, ते सुंदर आहेत. फक्त मुलांना एकदा सांगून ठेवावं.

तसंच नवग्रहांचं. देवळातल्या नवग्रहांत रवी आणि सोम असतात, राहू-केतू असतात. शाळेच्या पुस्तकातल्या ग्रहांत ते नसतात. मूल गोंधळतं आणि मोठी माणसं एक तर पुस्तकाला नाहीतर देवळाला चूक ठरवतात. खरं तर एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. जुन्या अर्थाने ग्रह म्हणजे स्थिर ताऱ्यांमधून जागा बदलत फिरणारं काहीही. त्यात सूर्य-चंद्र येणारच. राहू आणि केतू हे आकाशातले गोळे नाहीतच, चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते ते दोन बिंदू आहेत, आणि ग्रहणं त्या बिंदूंपाशीच होतात. आजच्या अर्थाने ग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या वजनाने गोल झालेला आणि आपली वाट मोकळी करून घेतलेला गोल. असे आठ. प्लूटोची वाट मोकळी नाही म्हणून २००६ साली त्याला बटुग्रहांत बसवलं. आपण नऊ शिकलो, मुलं आठ शिकतात. प्लूटो मात्र होता तिथेच आहे.

आता नारळ.

सोललेला चांगला मोठा नारळ घ्या, साधारण चौदा सेंटिमीटरचा. हा सूर्य. या मापात एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. मग पृथ्वी केवढी? मुलांना आधी अंदाज करू द्या. भाचीने लिंबू आणलं. मग सुपारी. मग वाटाणा. मी डब्यातली मोहरी काढून तिच्या तळहातावर एक दाणा ठेवला तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिची थट्टा करतेय. पण हिशेब साधा आहे. सूर्याचा व्यास जवळजवळ चौदा लाख किलोमीटर, पृथ्वीचा पावणेतेरा हजार. सूर्याच्या पोटावर एका ओळीत १०९ पृथ्व्या बसतील. सव्वा मिलिमीटरची मोहरी, त्यातही लहान दाण्यांतली, हीच आपली पृथ्वी. सह्याद्री, हिमालय, सगळे समुद्र, आजी, शाळा, सगळं त्या दाण्यावर.

आणि ती ठेवायची कुठे? नारळापासून पंधरा मीटरवर. मोठ्या माणसाची वीसेक पावलं. हे पाऊल टाकत चालणं फार महत्त्वाचं आहे, कारण आकडा कानाने ऐकला की विरून जातो, पायांनी मोजला की राहतो. आम्ही गावच्या शाळेच्या मैदानात गेलो. आठ पावलांच्या आसपास, सुमारे सहा मीटरवर बुध नावाचा रव्याचा कण. अकरा मीटरवर शुक्र, दुसरी मोहरी. पंधरा मीटरवर आपण. तेवीस मीटरवर मंगळ, खसखशीचा बारीक दाणा. इथपर्यंत मुलं उत्साहात होती (तोवर शेजारची चार-पाच जमली होती). मग गुरूसाठी मी चालतच राहिले. गुरू म्हणजे एक करवंद, आणि ते ७८ मीटरवर. मैदान संपत आलं. शनी, जरा लहान करवंद, १४३ मीटरवर, म्हणजे फाटकाबाहेर. युरेनस आणि नेपच्यून हे मुगाच्या दाण्यांएवढे, एक २८७ मीटरवर आणि दुसरा साडेचारशे मीटरवर, पार एसटीच्या थांब्यापाशी. तिथे उभं राहून मागे पाहिलं तर नारळ दिसतच नव्हता. एक नारळ, दोन करवंदं, दोन मूग, दोन मोहऱ्या, रव्याचा कण आणि खसखस. एवढ्या ऐवजासाठी एवढी जागा. बाकी सगळं रिकामं.

हा रिकामेपणा तक्त्यावर कधी दाखवता येत नाही. छापणाऱ्याचा दोष नाही. पानावर मोहरी आणि नारळ एका मापाने काढायचे तर पान पंधरा मीटरचं हवं. पण मग त्या चित्राखाली 'अंतरं मापात नाहीत' हे ठळक लिहायला हवं आणि शिक्षकांनी ते मोठ्याने वाचायला हवं. माझं हे मत पक्कं आहे. मुलाला चुकीचं चित्र एकदा सहा-सात वर्षांचं असताना दिलं की पुढे वीस वर्षं ते हलत नाही.

चंद्र विसरू नका. तो पृथ्वी-मोहरीपासून चार सेंटिमीटरला थोडा कमी, म्हणजे बरोबर दोन बोटं. मोहरीशेजारी दोन बोटं ठेवून पलीकडे रव्याचा अगदी बारीक कण. माणूस स्वतः आजवर गेला तो या दोन बोटांइतका. चांद्रयान-३ जुलै २०२३ मध्ये निघालं आणि ही दोन बोटं ओलांडून २३ ऑगस्टला उतरलं, चाळीस दिवसांनी. हे ऐकून मुलांना चंद्र जवळचा वाटत नाही, उलट इस्रोचं काम किती नाजूक नेमाचं आहे ते कळतं.

हे झालं एक घर. सूर्याचं कुटुंब. आता शेजार.

सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा. दक्षिणेच्या आकाशातल्या मित्र या तेजस्वी ताऱ्याचा तो मंद सोबती, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आपल्या मापात तो बोराएवढा. आता हे बोर कुठे ठेवायचं? "पुढच्या गावात," एक मुलगा म्हणाला. "पुण्यात," दुसरा. नारळ मुंबईत असेल तर ते बोर सिंगापुरात ठेवावं लागेल. चार हजार किलोमीटर. आणि मध्ये दुसरा एकही तारा नाही. १९७७ साली पृथ्वीवरून निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान माणसाने बनवलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात दूर पोचलं आहे. या मापाने ते नारळापासून अडीच किलोमीटरवर आहे. दादरला ठेवलेला नारळ आणि प्रभादेवीच्या पुढे जाऊन पोचलेलं यान. सिंगापूर अजून लांब आहे.

मग इतक्या लांबचा तारा दिसतो तरी कसा? कारण तो स्वतः जळतो, निदान आपण तसं म्हणतो. लाकूड जळतं तसं नाही. ताऱ्याच्या पोटात इतका दाब आणि इतकी उष्णता असते की हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम होतो आणि त्यात थोडं वस्तुमान प्रकाश होऊन बाहेर पडतं. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो, आणि त्यातलं चाळीस लाख टन ऊर्जा होऊन निघून जातं. ग्रहाला हे जमत नाही, तो लहान पडतो. ग्रह घरातल्या आरशासारखा, दुसऱ्याचा उजेड परतवणारा. तारा हा दिवा. मुलांना दिवा आणि आरसा एवढं दिलं की बस्स.

आकाशात बघून ओळखायचं तर लुकलुकणं पाहावं. तारा इतका लांब असतो की दुर्बिणीतूनही बहुधा ठिपकाच राहतो. त्या ठिपक्यातून येणारी प्रकाशाची बारीक तिरीप आपल्या हवेतल्या गरम-गार थरांमधून येताना हेलकावते, म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह जवळचा, त्यामुळे त्याची छोटी चकती असते. चकतीच्या एका भागाचा प्रकाश हलला तरी बाकीच्या भागांचा सांभाळून घेतो, म्हणून ग्रह बहुतेक वेळा शांत तेवतो. क्षितिजाजवळ असेल तर तोही थरथरतो, तेव्हा जरा वर येईपर्यंत थांबावं. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर हात टेकवून गुरूकडे बघा: शेजारी एका रेषेत त्याचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच पाहिलं आणि सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं या समजाला तडा गेला. मुलांसाठी महागडी दुर्बीण घेण्याची घाई करू नका, आधी द्विनेत्री घ्या. आणि ती कधीही, एका क्षणासाठीही, सूर्याकडे वळवू देऊ नका. डोळा कायमचा जातो. हे मी दर वेळी सांगते.

प्रकाशवर्ष हा शब्द इथे यावा लागतो, आणि तोही चकवतो, कारण त्यात 'वर्ष' आहे. हे काळाचं नाही, अंतराचं माप आहे. आपण "स्टेशन दहा मिनिटांवर आहे" म्हणतो तसंच. तिथे चालण्याचा वेग गृहीत असतो, इथे प्रकाशाचा. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून आठ मिनिटं वीस सेकंदांत. तुम्ही चहा करायला ठेवला तेव्हा सूर्यावरून निघालेला उजेड चहा गाळताना तुमच्या कपावर पडतो. तोच प्रकाश वर्षभर चालत राहिला तर साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जाईल; ते एक प्रकाशवर्ष. प्रॉक्झिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर.

आकडा ऐकून मुलं गप्प होतात. म्हणून मी घरातल्या माणसांची वयं काढते. जानेवारीत रात्री नवाच्या सुमारास गच्चीवर या. सगळ्यात तेजस्वी दिसतो तो व्याध, ८.६ प्रकाशवर्षांवर. आज जो व्याध दिसतो त्याचा उजेड साडेआठ वर्षांच्या मुलाच्या जन्माच्या सुमारास निघाला होता. त्याचं रांगणं, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, एवढा सगळा काळ तो वाटेवर होता. अकरा-साडेअकराच्या ताईला प्रश्वा. पुनर्वसूच्या जोडीतला जास्त ठळक तारा चौतीस वर्षांवर, तो आईला. त्रेचाळीस वर्षांचे बाबा असतील तर उत्तरेकडचा ब्रह्महृदय. आणि पासष्टीच्या आजीला रोहिणी. दुसऱ्या ऋतूत आलात तर उन्हाळ्यात सदतीस वर्षांवरचा स्वाती आहे, पावसाळा सरताना सतरा वर्षांवरचा श्रवण आणि पंचवीस वर्षांवरचा अभिजित आहे. घरातल्या बऱ्याच जणांना आपापला तारा सापडतो. आमच्या आजीने रोहिणीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मी पाळण्यात असताना निघालेला हा." तिला प्रकाशवर्ष समजलं होतं.

ताऱ्यांच्या रंगांसाठी आमच्याकडे मृग आहे, आणि याबाबतीत आपण नशीबवान आहोत. मृग नक्षत्र लागलं की पेरणी, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ठाऊक असतं. पण जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून तेव्हा मृग दिसत नाही. तो पाहायचा हिवाळ्यात. चार कोपऱ्यांवर चार तारे म्हणजे हरणाचे पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत खाली डावीकडे गेलं की बाण मारणारा व्याध. उलट दिशेला गेलं की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. एका रेषेत अर्धं आकाश ओळखीचं होतं. या चौकोनाच्या एका कोपऱ्यावरचा काक्षी तांबूस आणि समोरच्या कोपऱ्यावरचा राजन्य निळसर पांढरा. मुलांना विचारा, यातला जास्त गरम कोणता? सगळी लाल म्हणतात, कारण नळाच्या तोटीवर गरम पाण्याला लाल खूण असते. मग लोहाराच्या भट्टीची आठवण करून द्यायची: लोखंड आधी तांबडं होतं, मग पिवळं, फार तापलं की पांढरंफेक. तांबूस काक्षी साडेतीन हजार अंशांच्या आसपास, आपला पिवळसर पांढरा सूर्य साडेपाच हजार, आणि राजन्य त्याच्या दुप्पट. काक्षी थंड आहे तरी इतका तेजस्वी दिसतो, कारण तो राक्षसी मोठा आहे; सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या वाटेपर्यंतचं सगळं त्याच्या पोटात जाईल. म्हाताऱ्या ताऱ्यांचं असं होतं. तोही एक दिवस फुटेल, उद्या किंवा लाख वर्षांनी.

दुसऱ्या ताऱ्यांनाही ग्रह असतात का, हे मुलं विचारतातच. असतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली महाश्व तारकासमूहात सापडला, आता ही संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. त्यातल्या एका ताऱ्याला २०१९ मध्ये भारतातून सुचवलेलं नाव मिळालं, बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. आणि त्याच्या ग्रहाला संतमस.

आता भाकरी, आणि भाचीचा प्रश्न.

नारळाचं माप इथे मोडतं. त्या मापाने आपली आकाशगंगा साडेनऊ कोटी किलोमीटर रुंद होईल. इतकी लहान केली तरी! म्हणून माप बदलायचं. आता एक प्रकाशवर्ष म्हणजे एक मीटर. पुन्हा एक मोहरी घ्या. पण या वेळी त्या मोहरीत पृथ्वी नाही. सूर्य आणि नेपच्यूनपर्यंतचं सगळं कुटुंब, एसटीच्या थांब्यापर्यंतचं ते सगळं मैदान, त्या एका दाण्यात मावलं आहे. प्रॉक्झिमा सव्वाचार मीटरवर, खोलीच्या त्या भिंतीशी. आजीची रोहिणी ६५ मीटरवर. आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसणारे बहुतेक तारे दीड किलोमीटरच्या आत, म्हणजे एका वस्तीतले. आणि आकाशगंगा? शंभर किलोमीटर रुंद, मुंबई-पुण्याच्या सरळ अंतराहून थोडी कमी. आपली मोहरी तिच्या मध्यापासून सव्वीस किलोमीटरवर. त्या शंभर किलोमीटरमध्ये तारे किमान दहा हजार कोटी, कदाचित त्याच्या चौपट.

पण ती सगळीकडे सारखी जाड नाही. तबकडीसारखी आहे, रुंदी एक लाख प्रकाशवर्षं आणि जाडी सुमारे एक हजार. शंभरास एक. मी तव्यावरची भाकरी काढून मोजली: वीतभर रुंद, दोन मिलिमीटर जाड. बरोबर तेच प्रमाण! फक्त मधे एक फुगवटा द्यायचा, भाकरी टम्म फुगते तसा.

भाचीला म्हटलं, तू आता या भाकरीच्या पिठाचा एक कण आहेस. मध्यापासून काठाकडे अर्ध्या वाटेवर, आत, दोन पापुद्र्यांमध्ये. वर बघ. काय दिसतं? "थोडंसं पीठ, मग बाहेर." खाली? "तसंच." आता भाकरीच्या आडव्या दिशेने बघ, काठाकडे. ती थांबली. "पीठच पीठ." चोहोबाजूंनी? "हो, गोल." म्हणजे तुझ्याभोवती पिठाचा एक पट्टा दिसेल. तिने मान वर केली, छताकडे पाहिलं, जणू तिथे मे महिन्यातलं आकाश होतं. तो धुरकट पट्टा म्हणजे आपल्या भाकरीकडे आतून, आडवं पाहणं. वर-खाली पाहतो तेव्हा थोडे तारे दिसतात, पट्ट्यात पाहतो तेव्हा इतके की वेगळे ओळखू येत नाहीत. धनू आणि वृश्चिकाकडे पट्टा जास्त जाड, कारण तिकडे भाकरीचा मध्य आहे. मधे मधे काळे डाग दिसतात ते धुळीचे ढग, मागचे तारे झाकणारे.

आकाशगंगा हे आपल्या भाकरीचं नाव. अशा सगळ्या भाकऱ्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात. बोलताना लोक सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणतात, पण मुलांशी बोलताना हे दोन शब्द वेगळे ठेवावेत: गाव आणि आपलं गाव.

शेजारची मोठी भाकरी देवयानी, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर. ती वेगळी भाकरी आहे हे माणसाला कळून शंभर वर्षंच झाली. त्याआधी अनेकांना वाटायचं की तो आपल्याच आकाशगंगेतला एक वायूचा ढग असावा. अडचण ही की लांबचा मोठा दिवा आणि जवळचा छोटा दिवा रात्री सारखेच दिसतात. दिवा किती वॅटचा आहे ते कळलं तरच अंतर काढता येतं. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या छायाचित्रांवरचे तारे मोजण्याचं काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये ते दाखवून दिलं. काही तारे ठरावीक दिवसांनी मोठे-मंद होत राहतात. ज्याचा फेरा जास्त दिवसांचा, तो मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे दिव्याची उघडझाप मोजली की त्याचे वॅट कळतात. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना देवयानीत असा एक तारा सापडला. हिशेब केला तर तो आकाशगंगेच्या काठाच्या कितीतरी पलीकडे निघाला. त्यांचं अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं आलं होतं, आजच्या मापापेक्षा बरंच कमी; पण मुद्दा सिद्ध झाला. मुलांना ही चूकही सांगावी. आकडा पुढे सुधारत जातो हे त्यांना लहानपणीच कळलेलं बरं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. नारळ आणि बोर आठवा: मुंबई आणि सिंगापूर. आता दोन भाकऱ्या घ्या. आकाशगंगा वीस सेंटिमीटरची, तर देवयानी कुठे ठेवायची? फक्त पाच मीटरवर! एक भाकरी चुलीपाशी, दुसरी ओसरीच्या दारात. तारे आपल्या आकाराच्या मानाने भयंकर एकाकी आहेत, दीर्घिका मात्र त्यांच्या आकाराच्या मानाने अगदी शेजारी. म्हणूनच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, एकमेकींत मिसळतात, आणि तेव्हाही त्यांच्यातले तारे एकमेकांवर आपटत नाहीत. मुंबईतला नारळ सिंगापुरातल्या बोरावर कशाला आपटेल? देवयानी आपल्याकडे सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर वेगाने येते आहे. धडक होईलच असं नाही, आणि झाली तरी कित्येकशे कोटी वर्षांनी.

भाकऱ्या किती? तर्जनीवर रव्याचा एक कण घ्या, हात लांब करा, आकाशाकडे धरा. तो कण जेवढं आकाश झाकतो तेवढ्याच तुकड्याचं एक चित्र अवकाशातल्या वेब दुर्बिणीने २०२२ च्या जुलैमध्ये पाठवलं. त्यात हजारो दीर्घिका होत्या. शिवाय त्या कुठेही विखुरलेल्या नाहीत, वाड्या, गावं, तालुके असावेत तशा गटागटांनी आहेत. असा एक अजस्र समूह पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या खगोलशास्त्रज्ञांनी शोधला आणि २०१७ मध्ये जाहीर केला. चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. नाव दिलं सरस्वती. नारायणगावाजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. पुणे-नाशिक रस्त्याने जाणार असाल तर मुलांना त्याबद्दल सांगा. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं.

देवयानी मात्र पाहायला यंत्र लागत नाही, फक्त अंधार लागतो. नोव्हेंबर-डिसेंबर, अमावास्येच्या आगेमागे, शहराच्या दिव्यांपासून दूर, अंधार पडल्यावर दोनेक तासांत. महाश्वाचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या कोपऱ्यावरून निघणारी, देवयानी याच नावाच्या तारकासमूहातल्या ताऱ्यांची ओळ धरायची, दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबायचं, आणि तिथून उत्तरेकडे, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या बाजूला, दोन लहान ताऱ्यांएवढं सरकायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, मोबाइल बंद. आणि थेट बघू नका. जरा बाजूला बघा, कारण डोळ्याचा मधला भाग अंधुक उजेडाला कच्चा असतो.

भाचीला दहा मिनिटं काही दिसलं नाही. मग, "पुसट डाग? फुंकर मारल्यासारखा?" तोच. थेट बघितलं की जातो, बाजूला बघितलं की येतो. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्या जातीची माणसं नव्हती, असं मी म्हणत होते, पण ती ऐकत नव्हती. तिने तळहाताची भाकरी केली, डोळ्यांसमोर आडवी धरली, पलीकडे पाच मीटरवर काय असेल ते डोळ्यांनी मोजलं, आणि पुन्हा डागाच्या जरा बाजूला बघायला लागली.